काटा हलेना तेव्हा: हळू उतरणाऱ्या वजनाचं बारा आठवड्यांचं गणित

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला सोलापूरच्या कंबर तलावाकडे गेलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही. महाशिवरात्रीपर्यंत तीच जागा मोकळी होते. गळालेल्यांपैकी ओळखीचे कुणी भेटले की मी विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: "चालून काय उपयोग ओ, काटा हलतच नाही." वही दाखवा म्हटलं तर वही नसते. वजन कधी केलं? "परवा, मेडिकलवाल्याकडे." त्याआधी? "मागच्या महिन्यात, साडूच्या घरी."

वजन उतरत असताना सोडून देणारे मी बरेच पाहिले. त्यांचा धीर सुटला तो स्वभावामुळे कमी, मोजण्यातल्या चुकीमुळे जास्त. मी स्वतः ९४ वरून ८४ किलोवर यायला सोळा महिने घेतले, म्हणजे आठवड्याला दीडशे ग्रॅमसुद्धा नाही. त्याआधी दोनदा सुरू करून दोनदा सोडलं होतं. तिसऱ्या वेळी इच्छाशक्ती वाढली नव्हती, कामांचा क्रम बदलला होता. तो क्रम खाली देतो. टप्पे मागेपुढे करू नका. चालणं आधी आणि मोजणं नंतर ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

सुरू करण्याआधी: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेले, आणि पूर्वी कधी खाणं अगदी तोडून आजारी पडलेले, यांनी हा लेख वाचून स्वतःहून काही सुरू करू नये.

## टप्पा १: पहिला आठवडा नुसता मोजायचा

"सोमवारपासून डाएट" असं ठरलं की रविवारी रात्री शेवटचं म्हणून तिखट मटण आणि बिर्याणी होते. सोमवारी सकाळी काट्यावर जो आकडा येतो त्यात मीठ, त्या मिठानं धरून ठेवलेलं पाणी आणि पोटात अजून असलेलं जेवण, सगळं असतं. गुरुवारपर्यंत दीड किलो उतरतं आणि घरात पेढे वाटायचं तेवढं बाकी राहतं. पुढच्या आठवड्यात पाव किलोही हलत नाही, कारण आधीचा दीड किलो चरबीचा नव्हताच. सुरुवातच फुगलेल्या आकड्यानं झाली की पुढचं सगळं खोटं वाटायला लागतं.

म्हणून पहिला आठवडा खाण्यात काहीही बदल करायचा नाही. चार वस्तू जमवा: एक साधा डिजिटल काटा, शिंप्याकडे असतो तसला टेप, दोनशे पानी वही, आणि सध्या घट्ट होणारी एक पँट किंवा ब्लाउज.

काटा कुठे ठेवायचा हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. ती दिसते सपाट, पण असते उंचसखल. काटा एका पायावर किंचित डुगडुगतो आणि आकडा बदलतो. तो कधीही गादी, चटई किंवा सतरंजीवर ठेवू नका. घरात सपाट जागा सापडली की तिथे खडूनं चौकोन आखा. काटा रोज त्याच चौकोनात.

वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत करायचं. अर्धा लिटर पाणी प्यालात तर काटा अर्धा किलो जास्त दाखवणार. त्यात काट्याची चूक काहीच नाही.

पोटाचा घेर नाडी बांधतो त्या जागी मोजू नका. हातानं शेवटची बरगडी शोधा, कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा शोधा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा लावा. श्वास सहज सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढून घेतलेलं माप कुणाला फसवतं ते सांगायला नको. आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेलेला घेर धोक्याचा समजतात.

याच आठवड्यात रोजचं खाणं लिहून काढा. "नाश्ता: पोहे" एवढं पुरत नाही. "पोहे दोन वाट्या, वर मूठभर शेव, चहा दोन कप" असं लिहा. भावाच्या दुकानात गप्पा मारता मारता खाल्लेलं भजंसुद्धा. ही वही कुणाला दाखवायची नाहीये, तेव्हा लाज वाटून गाळू नका.

जमलं तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि थायरॉइडची तपासणी आत्ताच करून घ्या. थायरॉइड मंद असेल आणि ते कळलंच नसेल, तर तीन महिने विनाकारण स्वतःला दोष देत बसाल.

तपासा: काट्यावर लागोपाठ तीनदा चढून उतरा. तिन्ही आकड्यांत २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला तर जागा किंवा सेल बदला. हे जमल्याशिवाय पुढचा टप्पा नाही.

## टप्पा २: आकडा ठरवा, पण लहान

दिवाळीनंतर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "गड्ड्याच्या आत दहा किलो." गड्डा म्हणजे संक्रांतीच्या वेळी भरणारी सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. हिशेब करून पाहू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७,०००. दिवाळी ते संक्रांत सत्तर दिवस धरले तर रोज ११०० कॅलरी कमी खायला हव्यात. बैठं काम करणाऱ्या माणसाची दिवसाची एकूण गरज समजा १८०० असेल, तर त्यानं दिवस ७०० वर काढायचा. दोन आठवडे निघतील. तिसऱ्या आठवड्यात पार्क चौपाटीच्या खाण्याच्या गाड्यांवर रात्री दहाला तोच माणूस भेटेल.

पहिलं लक्ष्य आत्ताच्या वजनाच्या ५ टक्के ठेवा, आणि मुदत सहा महिने. ८२ किलोच्या माणसाला चार किलो. ऐकायला फारच कमी वाटतं, माहीत आहे. पण साखर आणि रक्तदाब यांवर एवढ्यानंच फरक पडायला लागतो, आणि हेच चार किलो पुढे टिकण्याची शक्यता जास्त असते.

वेगाचं म्हणाल, तर रोज साधारण २५० कॅलरी कमी झाल्या की आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास उतरतात. बारा आठवड्यांत अडीच किलोच्या वर. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही घटतो. वहीच्या पहिल्या पानावर हा अंदाज मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: "बारा आठवडे, दोन ते अडीच किलो." सहाव्या आठवड्यात कुणी म्हणालं "एवढंच?", तर तुमच्याकडे आधीच लिहिलेलं उत्तर असेल.

मला एका जिमनं तीन महिन्यांत पंधरा किलोची हमी दिली होती. पैसे आगाऊ घेतले होते. जास्त काही लिहीत नाही.

## टप्पा ३: ताटातलं आधी काय काढायचं

इथे बहुतेक जण भाकरीवर घसरतात. भाकरी बंद, भात बंद, फक्त काकडी. दहा दिवसांनी चिडचिड, पंधराव्या दिवशी सगळं परत. भाकरी शेवटी पाहू. आधी ज्यानं पोट भरत नाही पण कॅलरी भरतात, ते काढायचं. आपल्या सोलापुरी घरात अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा तेलाची. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅम पोटात जातं, म्हणजे २७० च्या वर कॅलरी. तेच तीन लिटरवर आणलं की माणशी रोज सत्तर-एक कॅलरी कमी, आणि भाजीच्या चवीत कुणाला फरक कळत नाही. युक्ती साधी आहे: नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेननं तारीख टाका. "आम्ही तेल कमीच खातो" असं प्रत्येक घर म्हणतं. तारखा वेगळं सांगतात.

दुसरी शेंगाचटणी. तिच्याविरुद्ध लिहिताना माझाही हात अडखळतो. पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, आणि उखळात कुटून तेल सुटलेली चटणी म्हणजे ते तेल चमच्यात आलेलं. एक मोठा चमचा, पंधरा ग्रॅम धरा, ८५ कॅलरी. आपण ती "तोंडी लावायला" म्हणून घेतो आणि जेवणात तीनदा वाढून घेतो. बंद करायची नाही. बरणीतून थेट घ्यायची नाही, एवढंच. ताटात एकदा एक चमचा, आणि बरणी फडताळात परत.

तिसरी चहातली साखर. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एक चमचा केला की ८० वाचल्या. एकदम बिनसाखरेचा करू नका. दोन आठवडे दीड चमचा, मग एक.

बेरीज करा: तेलाच्या ७०, चटणीचा एक चमचा कमी झाल्याच्या ८५, साखरेच्या ८०. झाल्या २३५. टप्पा दोनमध्ये २५० म्हटलं होतं, तिथे जवळपास पोचलो, आणि भाकरीला अजून हात लावलेला नाही.

तिन्ही एकाच दिवशी सुरू करू नका. पहिले दोन आठवडे तेल, मग चटणी, मग साखर. एकदम केलंत तर काय झेपलं आणि काय नाही हे कळत नाही, आणि एक सुटलं की तिन्ही सुटतात.

आता कडक भाकरी. ती हलकी असते हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. हलकी असते, कारण तिच्यातलं पाणी गेलेलं असतं. पीठ तेवढंच राहतं. चाळीस ग्रॅम पिठाची एक कडक भाकरी म्हणजे १४० कॅलरी. ती कुरकुरीत, गप्पा मारत तोडून खायची वस्तू, त्यामुळे तीन कधी संपल्या ते कळत नाही. घरच्या मऊ भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, पण ती दोनात पोट भरते, कारण सोबत आमटी आणि भाजी असते. तुमच्या घरच्या भाकरीचं पीठ एकदा तोलून पाहा. एकदाच पुरे.

यासोबत एक गोष्ट वाढवायची: प्रत्येक जेवणात डाळ, मटकी, हरभरा, अंडी, दही किंवा ताक यांपैकी काहीतरी ठळकपणे असू द्या. प्रथिनं पुरेशी असतील तर भूक थोपते, आणि वजन उतरताना स्नायू कमी जातात. वाटीभर पातळ आमटीत डाळ शोधावी लागत असेल तर ती मोजू नका.

सावधान: रात्रीचं जेवण सोडून देणं हा उपाय नाही. नऊला न जेवलेला माणूस साडेदहाला फरसाणाचा डबा उघडतो. हे मी माझ्या वहीत सात वेळा लिहिलेलं आहे.

## टप्पा ४: चालणं, तिसऱ्या आठवड्यापासून

मुद्दाम उशिरा सांगतोय. चालण्यानं तब्येतीला जो फायदा होतो तो मोठा आहे, पण काट्यावर त्याचा परिणाम लोकांना वाटतो तेवढा होत नाही. पंचाहत्तर-ऐंशी किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी भरभर चालला तर सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. तलावावरून परतताना घेतलेल्या उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात तीसेक ग्रॅम साखर असते. चाललेलं जागेवर फिटलं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते. दीडशे म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तिथपर्यंत असं जा: तिसरा आठवडा पंधरा मिनिटं, चौथा वीस, पाचवा पंचवीस, सहावा तीस. पहिल्या दिवशीच तासभर चालून गुडघा धरून बसणारे पुढच्या सोमवारी येत नाहीत.

वेळ ठरवताना आपल्या शहराचं वेळापत्रक धरा. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर सकाळ गेली, हे आधीच मान्य करा. त्या दिवशी चालणं संध्याकाळी, किंवा तो दिवस सुट्टीचा. "आज पाणी होतं म्हणून राहिलं" हे वाक्य वहीत आलं की नियोजन चुकलं असं समजा, कारण पाणी कधी येणार हे साधारण माहीत असतंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा सकाळी सातच्या आत परत या, निघण्याआधी पाणी प्या, आणि दुपारी चारला "थोडं ऊन कमी झालंय" म्हणून निघू नका. घाम जास्त आला म्हणजे चरबी जास्त गेली असं नसतं. गेलेलं असतं पाणी, आणि ते परत प्यायचंच असतं.

आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे. जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा वेळा, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं दहा वेळा. असे दोन फेरे, हळूहळू तीन.

आणि एक पळवाट आधीच मंजूर करून ठेवा: दहा मिनिटांचा दिवस. कंटाळा, पाहुणे, उशिरा सुटलेली ड्यूटी, काहीही असो, दहा मिनिटं गल्लीत चालून यायचं आणि वहीत "१०" लिहायचं. शून्यापेक्षा दहा बरे, हे झालंच. खरा फायदा दुसऱ्या दिवशी दिसतो, कारण काल खंड पडलेला नसतो.

तपासा: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं तर वेग वाढवा. बोलताच येत नसेल तर कमी करा. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यांपैकी काही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

## टप्पा ५: वही वाचायला शिका

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि लोक नेमका हाच गाळतात.

रोजच्या वजनाला काही अर्थ नसतो. एका दिवसात किलो-दीड किलो वरखाली होणं अगदी सामान्य आहे. खारट खाणं, बद्धकोष्ठ, कमी झोप, प्रवास, नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंना आलेली सूज, बायकांत पाळीच्या आधीचे दिवस, या सगळ्यांनी शरीर पाणी धरतं. पिठूळ-गोड पदार्थांपासून शरीर जो साठा करतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठतं. म्हणूनच भात-भाकरी तोडली की पहिल्या आठवड्यात एकदम उतरतं आणि एका लग्नाच्या जेवणानं परत येतं.

रविवारी जेवलात आणि सोमवारी काट्यावर ९०० ग्रॅम जास्त आले, तर घाबरण्याआधी हा प्रश्न विचारा: एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जास्त लागतात. त्या एका रात्रीत खाल्ल्या का? कितीही मटण असलं तरी नाही. तीन दिवस थांबा.

करायचं ते असं. आठवड्यातून तीन ठरलेल्या सकाळी वजन घ्या, समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिन्हींची सरासरी काढा. वहीत फक्त सरासरीभोवती गोल करा. आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहू नका. तो चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडायचा.

८२ पासून सुरू केलेल्या माणसाची वही साधारण अशी दिसते. नुसता मोजण्याचा आठवडा सोडून, पहिल्या ते आठव्या आठवड्याच्या सरासऱ्या:

८१.२, ८१.०, ८१.१, ८०.७, ८०.९, ८०.४, ८०.३, ८०.१

तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात वजन वाढलं. सोडून देणारे इथेच सोडतात. पण चौथा आणि आठवा शेजारी ठेवा: ८०.७ आणि ८०.१. चार आठवड्यांत सहाशे ग्रॅम. काम साधारण वेळापत्रकाप्रमाणे चाललंय, फक्त दोन वाईट आठवड्यांनी ते झाकलं होतं.

पाळी येणाऱ्या बायकांनी एका चक्राचा आठवडा पुढच्या चक्राच्या त्याच आठवड्याशी लावावा. नाहीतर महिन्यातला एक आठवडा दरवेळी उगाच रडवतो.

पोटाचा घेर महिन्यातून एकदाच मोजा. त्याहून जास्त वेळा मोजलात तर टेप धरण्यातला फरकच मोजला जाईल.

सावधान: काट्यावर चढायच्या विचारानं पोटात गोळा येत असेल, किंवा आकडा पाहून दिवसभर जेवावंसं वाटत नसेल, तर काटा माळ्यावर टाका. फक्त टेप आणि घट्ट पँट वापरा. तसंच वाटत राहिलं तर डॉक्टरांशी बोला.

## टप्पा ६: पाचवा ते आठवा आठवडा, कंटाळ्याची सोय

पहिले चार आठवडे नवेपणावर निघतात. त्यानंतर उत्साह ओसरतो, फळ अजून दिसत नसतं आणि घरातले बोलायला लागतात. कंटाळा येणारच. तो येण्याआधी चार गोष्टी करून ठेवा, त्या दिवशी करायला गेलात तर होणार नाहीत.

बूट, मोजे, पाण्याची बाटली आणि घराची किल्ली रात्रीच दाराशी ठेवा. पहाटे पाचला माणसाला निर्णय घ्यायला लावू नये.

चालायला एक जोडीदार धरा, पण वजनाची स्पर्धा लावू नका. पुरुषाचं वजन बायकोपेक्षा सहसा लवकर उतरतं. आमच्या घरात पहिल्या दोन महिन्यांत माझं उतरलं आणि हिचं नाही. तिनं तेवढ्यात सोडलंच होतं. वह्या वेगळ्या केल्या, एकमेकांचे आकडे विचारायचे नाहीत असं ठरलं, मग सुरळीत झालं.

काट्याबाहेरच्या खुणा दर दोन आठवड्यांनी लिहा: पट्ट्याचं कितवं भोक, ऑफिसचा जिना चढून गेल्यावर धाप, मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो का, रात्रीचं घोरणं (हे दुसऱ्याला विचारा), उपाशीपोटीची साखर. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी खाणं आणि चालणं बदललं तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास घटलं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं बदललेलं नव्हतं. काटा हलत नसताना आत काहीच होत नाही, असं म्हणूनच धरून चालू नये.

चौथी गोष्ट, लोकांना द्यायची उत्तरं. "काय अण्णा, चालायला जाता म्हणं, दिसत तर नाही काय!" यावर वाद घालू नका. "चाललंय की हळूहळू, सहा महिन्यांनी बघा," एवढंच. आत्यानं "एक पोळी वाढते, वाळलास बघ" म्हटलं तर "नको" हा शब्द चालत नाही, तो अपमान होतो. "आत्या, पोळी झकास झालीये, अर्धी द्या आणि आमटी वाढा" हे चालतं. डाएट हा शब्द जेवणाच्या पंगतीत काढूच नका. काढलात की प्रत्येकाकडे एक काढा आणि एक चुलतभाऊ निघतो, ज्याचं महिन्यात वीस किलो उतरलं.

## टप्पा ७: सण, यात्रा आणि लग्नं

बारा आठवड्यांत एकही सण नाही असा काळ आपल्या कॅलेंडरात नाही. म्हणून वहीत आधीच तीन आठवडे "थांबा" म्हणून मांडून ठेवा. त्या आठवड्यांचं लक्ष्य वजन उतरवण्याचं नसतं, नुसतं न वाढवण्याचं असतं.

भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीचा तिळगूळ, शेंगापोळी आणि होम मैदानावरचा गड्डा हे सगळं एकाच आठवड्यात येतं. तो सरळ थांब्याचा आठवडा. यात्रेत चालणं आपोआप होतं, त्यामुळे खाण्याचा एकच नियम ठेवा: गड्ड्यावर खायचं त्या रात्री घरी जेवायचं नाही. दोन्ही नको.

हुरड्याच्या दिवसांत फसवणूक हुरड्याची नसते. कोवळी ज्वारीच ती. सोबतची शेंगाचटणी, गूळ, शेव आणि वरून पोटभर जेवण, यात दिवस जातो. हुरडा हेच जेवण धरा.

श्रावणातले आणि एकादशीचे उपवास हा तर वेगळाच सापळा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, वर दाण्याचं कूट आणि तूप. उपवासानं वजन वाढलं म्हणून चकित होणारे दरवर्षी भेटतात. वरई, ताक, राजगिरा आणि फळांवर दिवस काढता येतो.

सणाच्या दुसऱ्या दिवशी उपाशी राहून शिक्षा भोगायची नाही. दुसऱ्या दिवशी रोजचंच जेवण, रोजचंच चालणं, आणि तीन दिवस काट्याला सुट्टी.

## टप्पा ८: खरंच थांबलं असेल तर

आधी खात्री करा. चार आठवड्यांची सरासरी हललेली नाही आणि पोटाचा घेरही तोच आहे, तरच थांबलं म्हणायचं. दोन आठवडे म्हणजे थांबणं नव्हे.

मग याच क्रमानं जा:

१. पुन्हा सात दिवस सगळं खाणं लिहा. बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. चटणीचा चमचा मोठा झालेला असतो, तेलाच्या पिशवीवर तारीख टाकायची राहिलेली असते.

२. खाण्यात काही सापडलं नाही तर चालण्यात दहा मिनिटं वाढवा आणि तीन आठवडे थांबा.

३. तरीही नाही, तर एका जेवणातली अर्धी भाकरी किंवा भाताची अर्धी वाटी कमी करा. भाकरीची पाळी आत्ता आली.

४. थकवा, चिडचिड, झोप न लागणं असेल तर उलट करा. दोन आठवडे पोटभर, पण साधं खा, वजन स्थिर ठेवा आणि मग पुन्हा सुरू करा. मी सोळा महिन्यांत असे तीन थांबे घेतले.

५. हे सगळं करून काही होत नसेल तर डॉक्टरांना वही दाखवा. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला बीजांडकोशाचा त्रास), स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्या यांनी वजन अडू शकतं. औषध मनानं बंद करू नका. चार महिन्यांची नोंद समोर ठेवली की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

चरबी जाळणारी पावडर, पोटाला बांधायचा पट्टा, सात दिवसांचा काढा, यांच्याकडे माणूस नेमका याच टप्प्यावर वळतो. विकणाऱ्यांना ते ठाऊक असतं.

आणि उलटी गोष्टही लक्षात ठेवा: काही न करता वजन भराभर उतरायला लागलं तर खूश होऊ नका. मधुमेह, क्षय, थायरॉइड वाढणं, आणखीही काही असू शकतं. लगेच तपासून घ्या.

## बाराव्या आठवड्याच्या शेवटी

रविवारी नवी सरासरी, नवा घेर आणि घट्ट पँट, तिन्हींची नोंद पहिल्या पानावरच्या आकड्यांशेजारी करा. दोन किलो उतरलं असेल तर पुढचे बारा आठवडे हेच, काहीही न वाढवता. एक किलो असेल तरीही हेच, फक्त टप्पा तीनमधल्या तीन गोष्टींपैकी कोणती सुटतेय ते शोधा. काहीच नसेल तर टप्पा आठ. ८२ चे ७८ झाले की लगेच पुढचं लक्ष्य घेऊ नका. दोन महिने त्याच वजनावर राहून दाखवा, वही चालू ठेवून.

काट्याचे सेल एवढ्यात उतरत आले असतील तर आकडा चुकू शकतो. नवी बारा आठवड्यांची पानं आखण्याआधी ते बदला, आणि काटा खडूच्या चौकोनात ठेवून पुन्हा तीनदा चढून पाहा.